रक्त वाढवणारी कढई

नाही, ती खाली ठेवा. ठेवा म्हणते ना — हळू, पायावर पडली तर दवाखान्यात जायचं कारणच बदलेल तुमचं. चांगली आहे हो, चांगली नाही असं कुठं म्हणाले मी? बिडाची आहे, एकसंध ओतलेली, बोटाच्या पेरानं वाजवून बघा — बघा, खणखणीत. तडा गेलेली असती तर बद्द वाजली असती. या दुकानात बद्द वाजणारी वस्तू एकच, ती म्हणजे मी, आणि मी विकायला नाही. तेव्हा खोट कढईत नाही. पण तुम्ही आत आल्या आल्या जे बोललात ना, ते पुन्हा एकदा बोला बरं. राहू द्या, मीच बोलते. ‘बायकोला दिवस गेलेत, रक्त कमी आहे, गोळ्यांनी उलट्या होतात, म्हणून गोळ्या बंद केल्या, आता लोखंडी कढईत स्वयंपाक करणार.’ असंच ना? त्यातलं मधलं जे आहे, गोळ्या बंद केल्या, ते ऐकलं आणि कढईला गुंडाळायला घेतलेला कागद मी परत ठेवला. बसा. त्या उपड्या पातेल्यावर बसा, शंभर माणसांचा भात शिजतो त्यात, तुम्ही काय जड आहात त्याला.

कितवा महिना? चौथा. आणि रक्त किती? — हिमोग्लोबिन हो, कागदावर लिहिलेलं असतं, दहा, अकरा, नऊ, काहीतरी. माहीत नाही? मोबाइलमध्ये किती गाणी आहेत ते माहीत असेल. राग मानू नका, मला तरी कुठं माहीत होतं. मला पातेल्याचं माप विचारा, डोळे मिटून सांगेन. माणसाच्या आत किती आहे आणि किती नाही, ते सहा महिन्यांपूर्वी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, जेवतंय ना चारीठाव, मग झालं.

आणि कढईचं कुणी सांगितलं तुम्हाला? शेजारच्या काकूंनी? कुठल्या — चष्मा कपाळावर असतो आणि दोन्ही हातांनी बोलतात त्या? हां. ओळखते ना. त्यांनी माझ्याकडूनच नेली कढई, भाचीसाठी. आणि त्यांना कुणी सांगितलं, ते नका विचारू. मीच सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, दारावर ते दोन खिळे दिसतात ना? तिथं पाटी होती. लाल रंगात, माझ्या अक्षरात — ‘रक्त वाढवणारी कढई येथे मिळेल.’ रंगाचा डबा संपला म्हणून तेवढ्यावर थांबले, नाहीतर खाली ‘हाडंही’ लिहिणार होते. काय धंदा झाला तेव्हा. आता पाटी त्या चुलीच्या जाळीमागे उलटी ठेवली आहे. फेकून द्यायला हवी, पण लाकूड चांगलं आहे.

का काढली ते सांगते ना. तुम्हाला घाई आहे का? असली तरी बसा. आज मला गिऱ्हाईक हवंच होतं. विकायला नाही, बोलायला. आमची सून दवाखान्यात गेली आहे, तपासणीचा निकाल मिळायचा आहे, मुलगा घेऊन गेलाय स्कूटरवर. मी म्हटलं मी पण येते, तर म्हणाला, स्कूटरला चाकं दोन आहेत आई. तीन वाजता गेलेत. पाच वाजायला आले. मी सकाळपासून ही एकच परात सातव्यांदा पुसते आहे, आता तिच्यात माझं तोंड दिसायला लागलंय आणि ते मला अजिबात आवडत नाही.

तर आमची सून. बारीक चणीची, हसरी, दुपारी दुकानात मला मदत करते, आणि माझ्यापेक्षा जास्त माल खपवते, कारण ती गिऱ्हाइकाचं ऐकून घेते. माझं तसं नाही, तुमच्या लक्षात आलंच असेल. तिला दिवस गेले, घरात आनंदीआनंद. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, साडेनऊ भरलं. बाई म्हणाल्या, कमी आहे, लोहाच्या गोळ्या देते, रोज घ्यायच्या, महिन्याभरानं पुन्हा तपासू. आता गोष्ट अशी झाली की आमची सूनबाई गोळ्या घ्यायला विसरली. विसरली म्हणजे काय, राहूनच गेल्या. महिनाभरानं तपासायचं तेही राहिलं. असंच आहे, असंच घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढचं ऐका.

मग उंदीर झाले. हसू नका, खरंच. त्या मागच्या फळीवर मातीचे पेले आहेत बघा, गाडगी आहेत, ती कुरतडलेली सापडायला लागली. कडा गेलेल्या. एक पेला, दोन पेले, मग एका गाडग्याचा अख्खा गळा. मी म्हटलं हा उंदीर आहे की गवंडी? सापळा आणला. सापळ्यात खोबऱ्याचा तुकडा लावला, दुसऱ्या दिवशी खोबरं जसंच्या तसं आणि पेला आणखी एक गेलेला. मग मी औषध आणलं उंदराचं — देवाची कृपा, पुडी फोडायच्या आधी मला शंका आली, म्हटलं, खोबरं सोडून माती खाणारा हा कुठला उंदीर. दुपारी जेवून पडल्यासारखं केलं आणि पडद्याआडून बघत बसले. तर आमची सून. पेला हातात धरून, बिस्किटासारखा. कुर्रकन दातानं मोडायची, डोळे मिटायची, चघळायची. मला बघितलं आणि अशी लाजली की काय सांगू. म्हणाली, मला राहवतच नाही हो आई, वास आला की तोंडाला पाणी सुटतं. मी काय केलं असेल? मी हसले. पोट धरधरून हसले. म्हटलं, खा बाई, डोहाळे आहेत, पुढच्या वेळी चांगला भाजलेला देते, हा कच्चा आहे. उंदीर म्हणून हाक मारायला लागले तिला. ‘उंदीरबाई, चहा घ्या.’ ती पण हसायची. आणि ते रक्त मागणं होतं. शरीरात लोह कमी झालं की काही बायकांना माती, खडू, बर्फ असलं खावंसं वाटतं, हे मला डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. तुमची बायको काही असलं चघळते का? बर्फ? फ्रीजमधला? दिवसभर? हं. मग घरी जाऊन आधी ते डॉक्टरांना कळवा. डोहाळे म्हणून हसत बसू नका, हसणारी एक आधीच झाली आहे.

आणि नुसतं तेवढंच नाही. माळ्यावर चढायची शिडी आहे ना, सात पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर ती थांबायची. दम लागायचा. मी खालून म्हणायची, आमच्या वेळी नवव्या महिन्यात पाण्याचे हंडे वाहिले. खोटं आहे. आमच्या वेळी नवव्या महिन्यात मी नुसती लोळत होते, माझी सासू हंडे वाहायची. पण सासू झालं की माणसाला आपोआप असलं काहीतरी आठवायला लागतं. तोंड पांढरं पडलेलं, नखं पांढरी, खालची पापणी ओढून बघावी तर आत गुलाबी काही नाहीच, भाताच्या पेजेसारखं. मी म्हणायची, गोरी झाली गरोदरपणात, मुलगी होणार.

काय म्हणालात? गोळ्या विसरली तर मी आठवण का नाही केली?

बरोबर विचारलंत. तुम्ही दिसता तितके साधे नाही.

हे बघा — गोळ्यांनी तिलाही तुमच्या बायकोसारखंच व्हायचं. मळमळ, पोटात गच्च, आणि संडासला काळं. घाबरली ती काळं बघून. मला येऊन सांगितलं, आईला सांगावं तसं. आता काळं होतंच त्या गोळ्यांनी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण मला काय माहीत? मी म्हटलं, बघू त्या गोळ्या. बघितल्या. तपकिरी, बोराच्या बीएवढ्या. म्हटलं, हे काय आहे? लोह. म्हणजे लोखंडच ना? आणि आपण कुठं राहतो? लोखंडाच्या दुकानात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरात तीस वर्षांची बिडाची कढई आहे, तीत भाजी करू, तीत डाळ करू, दूध सोडून सगळं तीतच करू, बघू रक्त कसं वाढत नाही ते. ती म्हणाली, पण बाईंनी सांगितलंय. मी म्हटलं, बाई शिकल्यात पुस्तकातून, मी शिकले कढईतून. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि गोळ्यांची पाकिटं तिच्या हातातून घेतली आणि ठेवून दिली. मी. आणि महिन्यानं ती तपासायला निघाली तर मीच म्हटलं, राहू दे गं, आता दोन महिन्यांनीच जा, एकदम वाढलेलं दिसू दे बाईंना. त्यांचं तोंड बघायचंय मला. म्हणजे ती विसरली असं जे मी मघाशी म्हटलं — ते तसं नाही. निसटलं तोंडातून. आता निसटलंच आहे तर ऐका, तुम्ही परके आहात, उद्या कुठं भेटणार आहात.

दोन महिने. दोन महिने मी तिला माझ्या कढईतलं खाऊ घातलं. पालेभाजी काय, डाळ काय, अंडं काय. वर चहा. प्रत्येक जेवणावर माझा आल्याचा कडक चहा, कारण ती दमलेली दिसायची ना, म्हटलं तरतरी येईल. जेवणातलं लोह अंगाला लागायचं तर तो चहा आड येतो, हेही नंतर कळलं. म्हणजे एका हातानं वाढत होते आणि दुसऱ्या हातानं ताट ओढत होते. आणि ती कढई — अहो, तीस वर्षं मी ती तेल लावून लावून मुरवलेली. काळीभोर, गुळगुळीत, अंडं टाकलं तर बर्फावरून घसरावं तसं घसरतं. माझा तो अभिमान. बाईंना मी ऐटीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मग तीस वर्षांच्या तेलाचा थर बसलाय तिच्यावर, आता तीतलं लोह भाजीत उतरणार कसं? नवी असती तर थोडंफार उतरलं असतं, आंबट शिजवलं तर आणखी थोडं. पण गरोदर बाईला जेवढं लागतं तेवढं कुठल्याच कढईतून मिळत नाही. जेवणाला जोड म्हणून ठीक, औषध म्हणून नाही. तीस वर्षं बिडाची भांडी विकली मी, आणि बिडाबद्दल मला एका डॉक्टरनं शिकवावं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुसऱ्या कुणाच्या घरात इतकी मुरलेली कढई असतीच कशाला? एवढी पक्की चूक करायला भांडीवालीच हवी.

पण ते नंतरचं. आधी आकडा. सहावा महिना लागला आणि रक्त तपासलं — सात पॉइंट एक. वाढायचं सोडून अडीचनं खाली. डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढला. म्हणाल्या, बाळंतपणात रक्त सगळ्यांचंच जातं. हिच्याकडे जायला आहेच किती? एवढंच. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी उलट ओरडले असते. म्हणाल्या, बाळ वेळेआधी येऊ शकतं, लहान राहू शकतं, आणि हिला थोडाही रक्तस्राव सोसणार नाही. मग विचारलं, गोळ्या घेतल्या होत्या? खोलीत आम्ही तिघं. मुलगा उभा, मी खुर्चीत, ती तपासायच्या कॉटवर पाय खाली सोडून बसलेली. आणि मी — मला आयुष्यात कधी शब्द कमी पडले नाहीत हो. नवऱ्याशी भांडताना नाही, कारखानदाराशी नाही, तुम्ही तर बघताच आहात. पण तेव्हा तोंडाला कुलूप. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायका मी हजार बघितल्या, पण त्या दिवशी मी भांडं घेऊन बसले आणि ताकाचं नाव काढेना. आणि त्या पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, ‘मीच विसरले, बाई. राहून गेलं.’

मग? मग काय, मी गप्प. मूग गिळून. मुलगा काय बोलला तिला, ते मी नाही सांगणार, माझाच मुलगा आहे. माझा मुलगा ना, मोटार चालवायला शिकवतो. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतो, स्वतःच्या पायाखाली जादा ब्रेक असतो, तो मारत असतो. चांगला आहे तो, जीव आहे त्याचा तिच्यावर, पण घाबरला की त्याचा पाय ब्रेकवर जातो. त्या दिवसापासून घरातही ब्रेक. रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहतो. गोळी? पाणी? घे. आ कर. जीभ वर. दाखव. लहान मुलीसारखी ती आ करून दाखवते. सत्तावीस वर्षांची बाई, पोटात सात महिन्यांचं पोर, आणि नवऱ्याला जीभ उचलून दाखवते की गोळी लपवली नाही. आणि मी तिथंच ओट्याशी, पाठ करून. रोज. पस्तीस दिवस झाले. मी मोजलेत. पहिल्या दिवशी मी तिला न्हाणीघरापाशी गाठलं, म्हटलं, तू खोटं का बोललीस? तर म्हणते, अहो आई, ते तुम्हाला नुसतं रागावले असते तर गोष्ट वेगळी. त्यांनी तुमच्याशी बोलणंच टाकलं असतं. माझ्यावर किती दिवस राग धरतील, चार दिवस. चार दिवस म्हणाली. पस्तीस झाले. तो अजून धरून आहे, आणि माझ्याशी कसा गोड बोलतो माहितीये? ‘आई, तू होतीस म्हणून निदान तिचं खाणंपिणं तरी नीट झालं.’ काल म्हणाला. मी घास तसाच ताटात ठेवला.

थांबा, मी रडत नाहीये. परातीची पावडर आहे ही, डोळ्यात जाते.

बरं, तुमच्या कामाचं ऐका, लिहून घ्या हवं तर, हा पुठ्ठा घ्या. गोळ्या सोसत नाहीत ना? मग गोळ्या बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांकडे जायचं आणि सांगायचं, सोसत नाहीत. दुसऱ्या मिळतात. प्रमाण कमी करून देतात. काहींना एक दिवसाआड देतात. आमच्या बाई म्हणाल्या, मला एक शब्द सांगितला असता तर मी पहिल्याच आठवड्यात बदलून दिल्या असत्या. एक शब्द. तो मी अडवला. हे झालं एक. मग, रिकाम्या पोटी घेतली तर उत्तम लागू पडते, पण अगदीच मळमळत असेल तर दोन घास खाऊन, आणि रात्री झोपताना घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. चहा-कॉफीबरोबर नाही, दुधाबरोबर नाही, आणि त्या हाडांच्या कॅल्शियमच्या गोळ्या देतात ना, त्या वेगळ्या वेळी; दोघींना एकत्र पाठवलं तर त्या सासू-सुनेसारख्या दारातच भांडत बसतात, आत कुणीच जात नाही. पोट गच्च होतं, त्याला पाणी, फळं, आणि तेही डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही. आणि काळं झालं तर घाबरायचं नाही. आणि स्वतःच्या मनानं चार गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, घरात लहान मूल असेल तर वर ठेवायच्या, ते औषध आहे, चणे-फुटाणे नाहीत.

नाहीच जमलं तर शिरेतून देतात. आमच्या सुनेला तेच केलं, कारण सात पॉइंट एक आणि वेळ थोडा. दोनदा नेलं. सलाईनसारखी बाटली, पण आतलं पाणी विटकरी, गंजलेल्या नळाचं असावं तसं. मी सिस्टरला म्हटलं, हे पाणी आमच्या जुन्या टाकीतलं दिसतंय. ती म्हणाली, आजी, हेच लोह आहे. आजी म्हणाली मला. अजून व्हायचीय मी, म्हटलं, थोडी थांब. तासभर बसले मी शेजारी, थेंब मोजत. सून म्हणाली, आई, तुम्ही घरी जा, दुकान बंद राहिलंय. मी म्हटलं, राहू दे. आणि दुसऱ्या खेपेला, बाटली निम्मी झाल्यावर, ती म्हणाली, आज मला पेल्याचा वास आला नाही हो. आठवणही झाली नाही. मी उठून बाहेर गेले. पावडर तिथं नव्हती, त्यामुळे काही कारण सांगता आलं नाही.

तर आज निकाल. शिरेतून दिल्याला महिना होतोय. बाईंनी सांगितलंय, नऊच्या वर गेलं तर नुसत्या गोळ्यांवर पुढे नेऊ, बाळंतपण इथेच, आमच्याच दवाखान्यात. नाही गेलं तर मोठ्या इस्पितळात पाठवणार, तिथं भरती, रक्त चढवायचं का ते ते ठरवणार. आणि मी इथं परात पुसते आहे. आकडा वाढला तर मी सुटले असं वाटतंय ना तुम्हाला? मलाही सकाळी तसंच वाटत होतं. वाढला की कुणी काही विचारणार नाही, सगळं मिटलं, सूनबाई बरी झाली, भांडीवालीची अब्रू जागच्या जागी. तुमच्याशी बोलता बोलता कळलं की ते तसं नाही. तो उद्या पुन्हा म्हणणारच, आ कर.

कढई? ही कढई तुमचीच. कोपऱ्यात ठेवते, नाव नको, मी चेहरा विसरत नाही. तुमच्या बायकोला दवाखान्यात घेऊन जा, गोळ्या बदलून आणा, आणि मग पाकीट मला दाखवा. उघडलेलं. दोन-चार गोळ्या कमी झालेलं. मग न्या कढई, नवी आहे, तीत डाळ करा, लिंबू पिळा, चांगलीच आहे ती, मी काही माझ्या मालाला नावं ठेवणार नाही. काय? दुसऱ्या दुकानातून घ्याल? घ्या की. या रस्त्याला पाच दुकानं आहेत भांड्यांची. पाचही जणांना मी पाटीचं सांगून ठेवलंय. कुणी देत नाही गरोदर बाईच्या नवऱ्याला कढई, आधी गोळ्यांचं विचारतात. मला वेडी म्हणतात, पण विचारतात.

आले. स्कूटर त्यांचीच, सायलेन्सर फुटका आहे.

ये गं. सावकाश, उंबरा आहे. बोलू नकोस, आधी बस, दम घे. ती दुसरी जागा घे, त्या पातेल्यावर हे बसलेत. किती? — नऊ पॉइंट आठ. दे बघू कागद. कुठं लिहिलंय? हे का? नऊ, टिंब, आठ. नीट वाचलं ना बाईंनी? बाळाची वाढ? बरोबर आहे म्हणाल्या. इथेच करायचं म्हणाल्या? इथेच. बरं. बरं झालं. नाही गं, पावडर गेली डोळ्यात. तू पाणी पी.

तू काय म्हणालास रे? आत्ता काय म्हणालास तिला? पुन्हा म्हण. ‘बघ, घेतल्या की वाढतं, आता तरी विसरू नकोस.’

हेल्मेट ठेव खाली. तिच्याकडे नको बघू, इकडे बघ. आणि तू गं, मला डोळ्यांनी खुणा करू नकोस, पस्तीस दिवस ऐकलं तुझं. ती विसरली नव्हती. एक दिवसही विसरली नव्हती. तिच्या हातातून गोळ्या मी काढून घेतल्या, तपासायला निघाली तर मी अडवलं, आणि बाईंनी विचारलं तेव्हा ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी बोलू दिलं. उद्यापासून तिला आ करायला सांगायचं नाही. जे काय विचारायचं ते मला विचार.

तुम्ही निघा आता. हो, तुम्हीच. दवाखाना सातपर्यंत उघडा असतो, जा. आणि जाताना दार ओढून घ्या, आमचं दुकान बंद झालं.